बातमी ड्रोनची, प्रश्न मोटारीच्या बैठकीचा

एखाद्या विद्यार्थ्याने ‘स्वदेशी ड्रोन’ बनवल्याची बातमी आली की तिच्यात त्याचे वय असते, ड्रोन किती उंच गेले ते असते, कोणत्या मंत्र्याने पाठ थोपटली तेही असते. मोटार कुठली, ती धडाला कशी बसवली आणि जळाली तर किती वेळात बदलता येते, हे मात्र सहसा नसते. वास्तविक घरगुती विमानातले बरेचसे भौतिकशास्त्र त्याच दोन बोटे रुंद प्लायच्या तुकड्यावर बसलेले असते.

चेन्नईचे वेस्ट मांबलम घ्यावे. स्टेशनच्या पूर्वेला रंगनाथन स्ट्रीटची दादरची आठवण करून देणारी गर्दी. पश्चिमेला दाटीवाटीच्या गल्ल्या, अयोध्या मंडपम् आणि जिच्या नावातले तळे केव्हाच बुजले ती लेक व्ह्यू रोड. मीनंबाक्कमचा विमानतळही इथून जवळ. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाच्या हद्दीपासून ५ ते ८ किलोमीटरच्या पट्ट्यात जमिनीपासूनच हवाई नियंत्रणाची परवानगी लागते. शिक्षणासाठी वा छंदासाठी नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या, २५ किलोपर्यंतच्या मॉडेलांना याच नियमांनी टाइप सर्टिफिकेटमधून सूट दिली, हे योग्यच झाले. पण सूट मिळाली म्हणजे आकाश मिळाले असे नव्हे. अशा वस्तीतल्या मुलाने विमान खोलीत बनवायचे आणि उडवायला शहराबाहेर जायचे. पहिल्याच उतरणीत नाक आपटले आणि मोटार धडात गोंदाने पक्की केलेली असली, तर त्याचा तो रविवार संपला.

यावरचा उपाय जुना आणि स्वस्त आहे. अमेरिकेतील ‘फ्लाइट टेस्ट’ या हौशी मंडळींच्या गटाने तो लोकप्रिय केला: फोमबोर्डची एक छोटी पेटी, तिच्या तोंडाशी प्लाय, प्लायवर मोटार, पेटीत स्पीड कंट्रोलर, आणि ही पेटी धडात सरकवून आरपार बांबूची काडी. काडी ओढली की मोटार बाहेर. एकच पेटी आज ग्लायडरसारख्या संथ विमानात, उद्या दुपंखी विमानात.

परंतु ही केवळ काटकसरीची युक्ती मानणे ही चूक आहे. समजा, ५० ग्रॅमची मोटार काढून ७० ग्रॅमची बसवली, आणि ती गुरुत्वमध्याच्या २० सेंटिमीटर पुढे आहे. २० ग्रॅम गुणिले २० सेंटिमीटर, म्हणजे ४०० ग्रॅम-सेंटिमीटर एवढे नाक जड झाले. १६० ग्रॅमची बॅटरी अडीच सेंटिमीटर मागे सरकवली की हिशेब जुळतो. न जुळवता उडवले, तर विमान नाक खाली घालून तो हिशेब दाखवते. बाजारात सहज मिळणाऱ्या २२१२ मोटारीच्या बैठकीची भोके १६ आणि १९ मिलिमीटर अंतरावर असतात. १९ मिलिमीटरवाल्या जोडीतील वरच्या स्क्रूमागे १ मिलिमीटरचा वॉशर घातला, तर मोटारीचा रेटा सुमारे ३ अंशांनी खाली वळतो. एक वॉशर, एक उड्डाण, एक नोंद. मग वॉशर काढून पुन्हा उड्डाण. एकच चल बदलून बाकी सारे स्थिर ठेवणे हे पाठ्यपुस्तकात तोंडपाठ करून घेतात, येथे ते हाताने घडते.

याउलट डब्यातून आलेल्या तयार ड्रोनमध्ये सारे जोडलेले, जुळवलेले आणि झाकलेले असते. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळते. २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत अशा ५०,००० प्रयोगशाळांची घोषणा झाली. त्या पैशातून बंद डबे आले, तर तिथे टिंकरिंग कशाचे करायचे? वेस्ट मांबलमवरून जाणारी लोकल पुढे क्रोमपेटला पोचते. तिथल्या मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत अब्दुल कलाम वैमानिकी शिकले. त्यांची तसबीर शाळोशाळी लागली; स्क्रूड्रायव्हर मात्र अजून कपाटात कुलूपबंद असतो.

‘स्वदेशी’ या शब्दाचेही तेच. फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारने काही अपवाद वगळता परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली, सुट्या भागांची आयात मात्र खुली ठेवली. तेव्हा मोटार कुठून आली, हा प्रश्न बातमीदाराने विचारायलाच हवा. हा पोरखेळातला प्रश्न नाही. कुर्ट टँक यांचे ‘मरुत’ १९६१ साली उडाले, पण ज्या ताकदीचे इंजिन गृहीत धरले होते ते मिळालेच नाही, आणि ध्वनीच्या दुप्पट वेगाचे उद्दिष्ट असलेले विमान ध्वनीच्या वेगापाशी अडखळले. ‘तेजस’ ज्या कावेरी इंजिनासाठी योजले होते, त्याच्याऐवजी ४ जानेवारी २००१ रोजी ते अमेरिकी एफ-४०४ वर उडाले. ‘मार्क-१ए’साठी २०२१ मध्ये मागवलेल्या ९९ इंजिनांपैकी पहिले मार्च २०२५ मध्ये मिळाले. लढाऊ विमानात इंजिन बदलणे म्हणजे काडी ओढणे नव्हे, हे खरेच. तिथे हवेचा मार्ग, वजन, सांगाडा सगळेच बदलते. पण ते का बदलते, याची पहिली जाणीव फोमबोर्डच्या विमानातही होऊ शकते.

आक्षेप ठरलेले आहेत. बैठकीने वजन वाढते; वाढते, पंधरा-वीस ग्रॅम. सैल बैठक थरथरते आणि मोटार सुटू शकते. हा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि म्हणूनच उड्डाणापूर्वी प्रोपेलर काढून मोटार हाताने हलवून पाहायची सवय लावावी लागते. गोंदाने चिकटवलेली मोटारही सुटते. फरक इतकाच की ती सुटणार आहे, हे आधी तपासता येत नाही.

महाविद्यालयीन विमानस्पर्धांनी एक अट घालावी: परीक्षकांनी ऐनवेळी दिलेली वेगळी मोटार १५ मिनिटांत बसवायची, गुरुत्वमध्याचा नवा हिशेब कागदावर मांडायचा, आणि मगच उडवायचे. बातमीदारांनी छायाचित्र काढायचेच असेल, तर त्या १५ मिनिटांतले काढावे.