थंडीतलं अत्तर कुणाचं?

लोकरीचे कपडे बाहेर काढायचे म्हणजे आमच्या घरात एक सोहळाच असतो. दिवाळीचे पाहुणे पांगले की एखाद्या रविवारी मी लोखंडी पेटी उघडते, स्वेटर, शाली, कानटोप्या गच्चीत दोरीवर टाकते आणि दिवसभर डांबराच्या गोळ्यांचा वास अंगाखांद्यावर वागवते. यंदा पेटीच्या तळाशी मामंजींचा तपकिरी लोकरी कोट निघाला. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. मी कोट झटकला मात्र, आणि डांबराच्या वासाखालून दुसराच एक वास आला. ऊबदार, मसालेदार, थोडासा चंदनासारखा. हिना!

मामंजींचा तो थंडीतला नेम होता. दसरा झाला की कपाटातून हिन्याची कुपी बाहेर यायची. आंघोळ, पूजा आटोपली की कापसाचा इवलासा फाया करून ते कानात ठेवायचे. शिवरात्रीनंतर कुपी पुन्हा कपाटात, आणि वाळा बाहेर. यात कधी खंड नाही.

सासूबाई गच्चीतच शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी कोट हातात घेतला, कॉलरीला क्षणभर नाक लावलं. “ह्याला फार ऊन नको देऊस गं, वास उडेल,” एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा शेंगा सोलू लागल्या.

नेमकं त्याच आठवड्यात जळगावच्या एका भगिनीचं पत्र आलं. त्या लिहितात, “आमच्या भावजींनी परदेशातून ह्यांच्यासाठी सेंटची बाटली पाठवली आहे. वास मसाल्याचा आणि लाकडाचा आहे. हे म्हणतात, फार उग्र आहे, डोकं धरतं. मला मात्र तो वास आवडतो. असले सेंट थंडीतच लावायचे असतात म्हणे, ते खरं का? आणि पुरुषांचा सेंट मी लावला तर चालेल का? लोक काय म्हणतील?”

या भगिनीची मला आधी क्षमा मागायला हवी. उत्तराला दोन महिने उशीर झाला. तिच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं. दुसऱ्याचं मात्र परवाच्या हळदीकुंकवापर्यंत येत नव्हतं.

आधी सोपा प्रश्न घेऊ. होय, असे वास थंडीतच शोभतात, आणि त्यामागे साधं कारण आहे. वास नाकापर्यंत यायचा तर त्याचे कण हवेत उडायला हवेत, आणि उडायला ऊब लागते. लिंबू, संत्रं यांचे वास हलके, ते चटकन उडून जातात. चंदन, ऊद, लवंग, जायफळ, राळ यांचे वास त्यामानाने जड, ते सावकाश उडतात. वैशाखात अंग तापलेलं असतं, त्यात घामाची भर. मग हेच जड वास एकदम भपकन अंगावर येतात आणि शेजारी बसलेल्याचं डोकं उठतं. आमच्या नाशिकला पौषात पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा तोच वास अंगाजवळ राहतो आणि हळूहळू उलगडतो. उन्हाळ्यात वाळा, मोगरा, केवडा आणि थंडीत हिना, ऊद, केशर, अंबर, ही आपल्याकडची जुनी वाटणी उगाच झालेली नाही.

तेव्हा जळगावच्या यजमानांना सेंट उग्र वाटला, त्यात त्यांचं नाक चुकलं असं नाही. बहुधा त्यांनी तो गरम दुपारी लावला असेल, किंवा भरमसाट लावला असेल. तो कसा लावायचा, ते आता सांगते.

थंडीत आपली कातडी कोरडी पडते आणि कोरड्या कातडीवर वास टिकत नाही. म्हणून आंघोळीनंतर मनगटाला, मानेला खोबरेल तेलाचं किंवा बिनवासाच्या क्रीमचं बोट फिरवावं आणि त्यावर अत्तर लावावं. अत्तर असेल तर काडीच्या टोकाला येईल तेवढंच पुरतं. एक टिपका मनगटावर, एक कानामागे. फवाऱ्याची बाटली असेल तर एक फवारा, फार तर दोन. बाटलीवर ‘ओ द परफ्यूम’ लिहिलेलं असेल तर त्यात अर्क जास्त असतो, ‘ओ द तॉयलेत’ असेल तर कमी. त्या अंदाजाने हात आवरावा.

लावल्या लावल्या वासाचा निकाल देऊ नये. पहिली पाच मिनिटं फवाऱ्यातलं अल्कोहोल आणि वरवरचे हलके वास नाकात जातात. खरा वास अर्ध्या तासाने कळतो. दुकानातही तसंच. एका वेळी दोन-तीनपेक्षा जास्त वास घेऊ नयेत, कारण नाक थकतं. मध्येच आपल्या बाहीचा वास घेतला की नाक जरा ताळ्यावर येतं. मनगटावर लावून घ्यावं, बाजारातली बाकीची कामं उरकावीत आणि परत येताना आवडलं तर घ्यावं.

आणखी एक गोष्ट सांगून ठेवते. आपला वास आपल्याला थोड्या वेळाने येईनासा होतो. तो उडालेला नसतो, आपल्या नाकाला त्याची सवय झालेली असते. पुष्कळजणी इथेच फसतात आणि पुन्हा लावतात. मग बसमध्ये शेजारची बाई खिडकी उघडते.

कपड्यांचं म्हणाल तर अत्तर तेलकट असतं, रेशमावर आणि पांढऱ्या कापडावर त्याचा डाग पडतो. लोकर वास धरून ठेवते. मामंजींचा कोट त्याला साक्ष आहे. तेव्हा स्वेटरवर लावायचंच असेल तर आतल्या बाजूला, आणि रोज नको. मुख्य म्हणजे लोकरीचे कपडे आधी चांगले वाऱ्यावर टाकावेत. हिना अधिक डांबरगोळी हे मिश्रण मी एकदा शाळेत घालून गेले होते. पुन्हा नाव काढणार नाही.

काळजीच्या गोष्टीही थोड्या आहेत. नवा सेंट प्रथम कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस बघावं. खाज आली, लाली आली तर तो आपला नव्हे. तान्ह्या बाळाला उचलून घ्यायचं असेल किंवा घरात कुणाला दमा असेल तर लावूच नये. थंडीत वर्गाच्या खिडक्या बंद असतात, म्हणून मीही शाळेच्या दिवशी लावत नाही. फवाऱ्यातलं अल्कोहोल पेट घेतं, तेव्हा गॅसपाशी किंवा निरांजनापाशी फवारा मारू नये. बाटली न्हाणीघरात किंवा खिडकीत ठेवू नये. उन्हाने आणि दमटपणाने वास बिघडतो. कपाटातला अंधार तिला मानवतो.

हे झालं पहिल्या प्रश्नाचं. आता दुसरा.

संक्रांतीनंतर आमच्याकडे दरवर्षी हळदीकुंकू असतं. तिळगूळ, वाण, ओटी, गुलाबपाणी आणि हाताला मोगऱ्याचं अत्तर. गेली दोन वर्षं मी अत्तरदाणी घेऊन ओळीने सगळ्यांच्या हाताला अत्तर लावत जायची, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी तिळाच्या वड्यांचं ताट घेऊन उभ्या असलेल्या सासूबाईंपाशी पोचले की माझा हात आपोआप खाली यायचा. मला असं कर म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनीही कधी हात पुढे केला नाही. मी वळायची आणि गुलाबदाणी उचलायची.

आणि मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते! २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही त्याचं अनुकरण करायला सांगितलं. शाळा सुरू झाल्यावर ती बातमी मी वर्गात मोठ्या कौतुकाने वाचून दाखवली होती. पुढे आपल्याच घरात वेळ आली तेव्हा मात्र माझा हात खाली आला. कोट सापडल्यापासून हे मला टोचत होतं.

हळदीकुंकवाच्या आदल्या रात्री अत्तरदाणी घासता घासता मी धीर करून म्हटलं, “आई, उद्या तुम्ही बाहेर बसायचं. अत्तर, गुलाबपाणी, सगळं.”

“काहीतरीच काय! बायका काय म्हणतील?”

“म्हणतील ते म्हणतील. तुम्हाला हवं का, तेवढं सांगा.”

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “तो मोगरा नको मला. लावायचंच असेल तर कपाटातली कुपी काढ. चाळीस वर्षं तो वास घरात होता, पण मी कधी बोट लावलं नाही. पुरुषांचा म्हणून.”

मी कुपी काढली. तळाशी जेमतेम दोन-तीन थेंब राहिले होते. त्यांनी काडी नाकाशी धरली, डोळे मिटले, आणि मला वाटलं आता यांना रडू येणार. त्या म्हणाल्या, “अगं, यात दगडफूल आहे!”

मला हसू आलं. म्हटलं, आई, हे अत्तर आहे, गोडा मसाला नव्हे. त्या मात्र ठाम. “दरवर्षी मसाला करते मी. दगडफूल, जायपत्री, लवंग... मला कळत नाही होय?”

दुसऱ्या दिवशी मी शोधाशोध केली आणि निमूट त्यांची क्षमा मागितली. हिना म्हणजे खरं तर मेंदी. पण अत्तरवाल्याकडे हिना म्हणून जे मिळतं त्यात आणि त्याचंच भावंड असलेल्या शमामामध्ये वनस्पती आणि मसाल्याचे कितीतरी जिन्नस असतात. लवंग, वेलची, जायफळ, जायपत्री, जटामांसी, नागरमोथा, कपूरकचरी, आणि ज्याला हिंदीत छरीला म्हणतात ते, म्हणजेच आपलं दगडफूल. उत्तर प्रदेशात कन्नौज हे या अत्तरांचं जुनं गाव. तिथे तांब्याच्या देगेत जिन्नस आणि पाणी घालून खाली जाळ करतात. वाफ बांबूच्या नळीतून पाण्यात ठेवलेल्या भपक्यात उतरते, आणि भपक्यातल्या चंदनतेलात तो वास मुरतो. कन्नौजच्या अत्तराला २०१४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. चंदनतेल फार महाग झाल्यामुळे आता पुष्कळ ठिकाणी त्याऐवजी लिक्विड पॅराफिन वापरतात. म्हणून फारच स्वस्त हिना मिळाला तर तो चंदनातला असेल अशी आशा धरू नये.

बघा म्हणजे! दगडफूल, लवंग, जायपत्री आपल्या मसाल्यातले; नागरमोथा आणि कपूरकचरी आपल्या दिवाळीच्या उटण्यातले. हे सगळं वर्षानुवर्षं निवडायचं, भाजायचं, कुटायचं आपण, आणि तेच कुपीत गेलं की वास पुरुषांचा! परदेशातही वेगळी कथा नाही. आपल्या वडिलांच्या दाढीच्या सामानात जहाजाचं चित्र असलेली ओल्ड स्पाइसची पांढरी बाटली पुष्कळजणींनी पाहिली असेल. तो मसालेदार वास १९३७ साली अमेरिकेत प्रथम बाजारात आला तो बायकांसाठी. पुरुषांसाठीचा माल १९३८ साली निघाला. बाटलीवरचं नाव हे दुकानदाराच्या सोयीचं असतं, नाकाला त्याचं काय?

हळदीकुंकवाच्या दिवशी सासूबाई बाहेरच्या खोलीत भिंतीशी सतरंजीवर बसल्या. मी मोगऱ्याची अत्तरदाणी फिरवली आणि त्यांच्यापाशी आल्यावर ती खाली ठेवून कुपीतली काडी त्यांच्या मनगटाला लावली. एक-दोघींचे चेहरे आक्रसले. एकजण वाण घेऊन लवकर उठली. खोटं कशाला सांगू, माझेही हात थरथरत होते. पण कोपऱ्यातल्या कुलकर्णी काकूंनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, “मलाही तेच लाव बाई, मोगऱ्याने मला शिंका येतात.” मग आणखी दोघींनी मागितलं, आणि कुपी संपली.

संध्याकाळी हे घरी आले आणि उंबऱ्यातच थबकले. मी ओळखलं, वास आला. त्यांनी आत डोकावून आईकडे पाहिलं. त्या परात पुशीत होत्या. काही न बोलता हे हातपाय धुवायला गेले, आणि रात्री जेवताना म्हणाले, “उद्या बाजारातून येताना ती कुपी भरून आणतो. केवढी आणू?” सासूबाईंनी ताटातून मान वर न करता सांगितलं, “लहानच आण. थंडी सरत आली.”

तेव्हा जळगावच्या भगिनी, सेंट खुशाल लावा. एकच फवारा, तेल लावलेल्या मनगटावर, संध्याकाळी गारवा पडल्यावर. यजमानांनाही तसाच लावून बघायला सांगा, त्यांचं डोकं धरणार नाही. बाटली दोघांत वापरली तर दोन हिवाळे सहज पुरेल. लोक काय म्हणतील ते मी सांगते. आमच्या वर्गातल्या एका मुलाने हळदीकुंकवाच्या दुसऱ्या दिवशी वही दाखवता दाखवता माझ्या हाताचा वास घेतला. “बाई, तुम्हाला आमच्या आजोबांसारखा वास येतोय,” तो म्हणाला आणि जरा जवळ सरकून उभा राहिला.

रथसप्तमीपर्यंत ज्यांच्याकडे हळदीकुंकू व्हायचं आहे त्यांनी अत्तरदाणी आजच घासून ठेवावी. आणि ती फिरवताना स्वयंपाकघराच्या दारापर्यंत न्यावी.