जगाच्या इतिहासातील बेगमपेठ

आधुनिक जग कोणी घडविले, असा प्रश्न विचारला की आपली उत्तरे ठरलेली असतात. जेम्स वॅटचे वाफेचे यंत्र, फ्रान्सची राज्यक्रांती, मार्कोनीचा बिनतारी संदेश, दोन महायुद्धे आणि अणुबाँब. या यादीत खोटे काहीच नाही. परंतु ती वाचून असा समज होतो की, जगाला वळण देणाऱ्या साऱ्या घटना सातासमुद्रांपलीकडेच घडल्या आणि आपण त्यांचे केवळ प्रेक्षक होतो. निदान हैदराबादच्या विद्यार्थ्याने तरी तसे मानू नये. त्या यादीत मानाने बसावी अशी एक घटना २० ऑगस्ट १८९७ रोजी आपल्याच बेगमपेठेत घडली आहे.

हिवताप दूषित हवेमुळे होतो, अशी शतकानुशतके लोकांची समजूत होती. ‘मलेरिया’ या शब्दाचा अर्थच मुळी ‘वाईट हवा’ असा आहे. १८८० मध्ये लाव्हरां या फ्रेंच डॉक्टरांनी अल्जीरियात रोग्याच्या रक्तात या रोगाचे सूक्ष्म जंतू पाहिले. पण ते रक्तात शिरतात कसे, हे कोडे सुटेना. लंडनच्या पॅट्रिक मॅन्सन यांना डासाचा संशय होता. तो संशय मनात घेऊन रोनाल्ड रॉस हे अल्मोड्यास जन्मलेले लष्करी डॉक्टर १८९५ मध्ये सिकंदराबादेस आले.

दोन वर्षे त्यांनी डास चिरण्यात घालविली, आणि ती बहुतांशी व्यर्थ गेली. कारण ते डास भलत्याच जातीचे होते. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले, भिंगाला तडा गेला. पंख्याच्या वाऱ्याने चिरलेले डास उडून जातील म्हणून उकाड्यातही पंखा बंद! अखेर ऑगस्ट १८९७ मध्ये ठिपकेदार पंखांच्या डासांची एक नवी जात त्यांच्या हाती आली. हुसेनखान नावाच्या हिवतापाच्या रोग्याने १६ ऑगस्ट रोजी हे डास स्वतःला चावू दिले. दर डासामागे एक आणा, याप्रमाणे दहा डासांचे दहा आणे त्याला मिळाले. चार दिवसांनी, मोजकेच डास उरले असताना, रॉस यांना एका डासाच्या जठराच्या भिंतीत वाटोळ्या पेशी दिसल्या. त्यांत हिवतापाच्या जंतूंत आढळतात तसेच काळे कण होते. दुसऱ्या दिवशी उरलेल्या डासात त्याच पेशी अधिक वाढलेल्या दिसल्या. रोगाचा जंतू डासाच्या देहात वाढत होता!

पुढचा भाग रॉस यांनी १८९८ मध्ये कलकत्त्यास पक्ष्यांवर प्रयोग करून पुरा केला, तर माणसाच्या बाबतीत इटलीच्या ग्रासी प्रभृतींनी तो सिद्ध केला. १९०२ मध्ये रॉस यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या शोधाने जग बदलले काय? पनामाचा कालवा पाहावा. फ्रेंचांनी १८८१ मध्ये ते काम आरंभिले. हिवताप व पीतज्वर यांनी हजारो मजूर मारले आणि काम बुडाले. अमेरिकनांनी आधी डासांचा बंदोबस्त केला, मग कालवा खणला. १९१४ मध्ये त्यातून जहाजे जाऊ लागली. आपल्या देशात १९४७ च्या सुमारास दरवर्षी साडेसात कोटी लोक हिवतापाने आजारी पडत आणि आठ लाख दगावत, असा अंदाज आहे. १९५३ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, आणि १९६५ पर्यंत रोग्यांची संख्या लाखाच्या आसपास आली. पुढे ढिलाई झाली, डासही औषधाला दाद देईनात; १९७६ मध्ये ती संख्या चौसष्ट लाखांवर गेली.

याच शहरातील दुसरी एक गोष्ट मला येथे आठवते. क्लोरोफॉर्म हृदयाला घातक आहे की नाही, हे ठरविण्यासाठी १८८८ आणि १८८९ मध्ये येथे दोन आयोग बसले. निजामाने द्रव्य दिले, विलायतेहून तज्ज्ञ आले, शेकडो जनावरांवर प्रयोग झाले. क्लोरोफॉर्म हृदयावर थेट आघात करीत नाही, असा निर्वाळा मोठ्या थाटाने देण्यात आला. १९११ मध्ये लेव्ही यांच्या प्रयोगांनी तो चुकीचा ठरविला. राजाश्रय लाभलेला निर्णय फसला, आणि गंजलेल्या सूक्ष्मदर्शकाने लावलेला शोध टिकला. यावरून राजाश्रय निरुपयोगी असे कोणी म्हणू नये. पण आयोगाचे प्रमुख डॉ. लॉरी यांचे मत आधीच ठरलेले होते, आणि रॉस मात्र दोन वर्षे ‘नाही’ हे उत्तर ऐकण्यास तयार होते. हा फरक मला मोठा वाटतो.

आपल्या भाषेत ‘शोध घेणे’ आणि ‘शोध लावणे’ असे दोन प्रयोग आहेत. आपण स्मारके दुसऱ्याचीच उभारतो. त्यातही हुसेनखानासारखा माणूस विसरला जातो. त्याचे दहा आणे चुकते झाले हे खरे. त्याच्या रक्तावाचून तो डास मात्र निरुपयोगीच होता.

अद्यापही हा रोग संपलेला नाही. २०२३ मध्ये जगात सुमारे सहा लाख माणसे त्याने मेली, त्यांत बहुसंख्य आफ्रिकेतील लहान मुले. शहरांत हिवताप पसरविणारा डास विहिरींत आणि गच्चीवरील उघड्या टाक्यांत वाढतो. म्हणून माझी सूचना अशी की, शाळेची एखादी सहल गोवळकोंड्याऐवजी बेगमपेठेतील रॉस यांच्या प्रयोगशाळेच्या इमारतीकडे न्यावी, आणि परतल्यावर प्रत्येकाने आपापल्या गच्चीवरील टाकीचे झाकण पाहून यावे.