तळ हरवलेलं भांडं

मैत्रिणींनो, साठवण हा आपल्या हातचा विषय. गव्हात कडुनिंबाचा पाला घालायचा, डाळीला तेलाचा हात लावायचा, लोणच्याच्या बरणीत ओला चमचा जाऊ द्यायचा नाही, हे आपल्याला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. पदार्थ एकवेळ कुणीही करील, तो टिकवणं निराळं. आज अशाच एका साठवणीबद्दल लिहिणार आहे. फक्त तिची कोठी जमिनीपासून दोनशे-चारशे किलोमीटर वर आहे. घाबरू नका. मी स्वतः बी.ए., तेही मराठी घेऊन. मला जे समजलं ते तुम्हाला समजेलच.

रॉकेट उडताना आपण टीव्हीवर ज्वाळा बघतो, धूर बघतो. सगळं लक्ष चुलीकडे. सरपण कुठे आणि कसं ठेवलंय, हे कुणी विचारत नाही. मोठ्या रॉकेटच्या वरच्या टप्प्यात पुष्कळदा हायड्रोजन आणि प्राणवायू जाळतात. हे वायू तसेच न्यायचे तर डोंगराएवढी टाकी लागेल, म्हणून ते अतोनात थंड करून त्यांचा द्रव करतात. प्राणवायू उणे १८३ अंशांवर उकळतो आणि हायड्रोजन उणे २५३ अंशांवर. उकळतो हं, गोठत नाही! आपल्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात उणे अठराच्या आसपास तापमान असतं. त्या कप्प्यात द्रव हायड्रोजनचं भांडं ठेवलं तर ते तापल्या तव्यावर ठेवल्यासारखं होईल. शिवाय हलका इतका, की लिटरभर द्रवाचं वजन जेमतेम सत्तर ग्रॅम.

असला पदार्थ ठेवायचा कशात? थर्मासमध्येच. प्रवासाला निघताना आपण चहा भरून घेतो तो थर्मास मुळात चहासाठी निघालेलाच नाही. जेम्स ड्यूअर नावाच्या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८९२ मध्ये तो अतिथंड द्रव ठेवण्यासाठी केला. दोन भिंती, मध्ये पोकळी, आणि चांदीसारखी चकाकी. अवकाशातल्या टाक्यांनाही असेच चकचकीत पातळ पापुद्रे एकावर एक गुंडाळतात. तरी ऊन लागतंच, शेजारच्या यंत्रांची ऊब लागतेच, आणि थोडाथोडा द्रव उकळत राहतो. वाफ कोंडून ठेवली तर टाकी फुटायची भीती, सोडून दिली तर तेवढं इंधन गेलं. प्रत्येक शिट्टीला आतली डाळच कमी होतेय, असा कुकर डोळ्यांपुढे आणा.

पण जमिनीवर निदान एक सोय असते. द्रव खाली, वाफ वर. नळ तळाशी लावा, झडप माथ्यावर लावा, काम झालं. आपण भांड्याच्या तळाला इतकं गृहीत धरतो, की तो पृथ्वीच्या ओढीने मिळालेला आहे हे लक्षातच येत नाही. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानात यान, टाकी आणि आतला द्रव सगळंच एकत्र पडत असतं, त्यामुळे वजन जाणवत नाही. मग द्रव कुठे बसायचा? तो भिंतींना चिकटून चढतो, समईतलं तेल वातीतून चढतं तसा. वाफेचा मोठा बुडबुडा मध्येच तरंगत राहतो. वाफ सोडायला झडप उघडावी तर इंधनच बाहेर पडेल, आणि इंजिन सुरू करायला जावं तर त्याच्या तोंडी द्रवाऐवजी वाफ येईल. आणि इंजिनाच्या पंपाला असा वाफेचा घास मुळीच चालत नाही.

साठच्या दशकात अमेरिकेची माणसं चंद्रावर पाठवायची तयारी चालली होती, तेव्हा ही अडचण अगदी दाराशी येऊन उभी राहिली. बेत असा, की सॅटर्न रॉकेटचा तिसरा टप्पा आधी यानाला पृथ्वीभोवतीच्या कक्षेत नेईल. मग इंजिन बंद. सगळं ठीकठाक आहे ना, हे दोन-तीन तास तपासायचं आणि तेच इंजिन पुन्हा पेटवून चंद्राची वाट धरायची. या मधल्या तासांत टाकीतला हायड्रोजन काय करील, हे कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. हिशेब होते, पण आधण ठेवून झाकण न उघडता भात झाला म्हणायचं धाडस कोण करणार?

म्हणून ५ जुलै १९६६ रोजी ‘एएस-२०३’ नावाचं एक उड्डाण केलं गेलं. त्यात माणूस नव्हता, चांद्रयानही नव्हतं. वर नुसतं टोकदार टोपण, आणि टाकीत मुद्दाम राखून ठेवलेला कित्येक टन द्रव हायड्रोजन. टाकीच्या आत दिवा आणि टेलिव्हिजनचा कॅमेरा बसवला होता! मला या सगळ्या प्रकरणातली हीच गोष्ट फार आवडते. एवढे मोठे इंजिनिअर, पण शेवटी त्यांनीही झाकण उघडून आत डोकावायचंच ठरवलं. इंजिन बंद झाल्यावर हायड्रोजन कसा हेलकावतो, कसा स्थिरावतो, हे खाली जमिनीवर बसून पाहिलं. नाहीतरी वाफ सोडायचीच होती, तर ती मागच्या दिशेने संथपणे सोडत राहायची, असा उपाय योजला होता. तिच्या जोराने टप्पा अगदी हलकेच पुढे ढकलला जातो आणि द्रव मागे, इंजिनाच्या बाजूला, बसून राहतो. वाया जाणाऱ्या वाफेकडूनच तळ तयार करून घेतला म्हणायचा. ताकाची कढी करणाऱ्या आपल्यासारख्यांना याचं कौतुक वाटायलाच हवं.

चार प्रदक्षिणा झाल्यावर शेवटची परीक्षा म्हणून वाफेची झडप बंद ठेवून दाब वाढू दिला, आणि दोन टाक्यांमधली भिंत फुटून तो टप्पा मोडला. पण तोवर हवं ते कळलं होतं. १६ जुलै १९६९ रोजी अपोलो ११ निघालं तेव्हा सुमारे अडीच तास कक्षेत थांबून ते इंजिन पुन्हा पेटलं आणि जवळजवळ सहा मिनिटं चाललं. आर्मस्ट्राँगचं नाव आपल्या मुलांनाही पाठ असतं. त्या टाकीतल्या कॅमेऱ्याचं नाव कोण घेतो?

साठवणीतली एखादी बारीक गोष्ट राहून गेली तर काय होतं, तेही पुढच्याच वर्षी दिसलं. अपोलो १३ मध्ये वीज, पाणी आणि श्वास यांच्यासाठी अतिथंड प्राणवायूच्या दोन टाक्या होत्या. तो प्राणवायू इतक्या दाबाखाली होता, की धड द्रव नाही, धड वायू नाही, दाट धुक्यासारखा. चुलीवरच्या दुधात खालचं गरम दूध आपोआप वर येतं. वजनच नसलं की ते होत नाही. हीटरजवळचं तेवढं तापतं, बाकीचं तसंच राहतं आणि किती शिल्लक आहे हे मोजणारा काटा चुकीचं दाखवू लागतो. म्हणून टाकीत पंखे बसवून अधूनमधून ढवळावं लागे. उड्डाणाआधी जमिनीवरच्या चाचणीत एक टाकी नीट रिकामी होईना. तेव्हा तिचा हीटर तासन् तास चालू ठेवून प्राणवायू उकळून काढला. हीटर आपोआप बंद करणारं बटण २८ व्होल्टसाठी बनवलेलं होतं आणि त्याला जमिनीवरची वीज ६५ व्होल्टची मिळाली. बटण चिकटून बसलं, तारांवरचं वेष्टण आत भाजून निघालं. आणि तापमानाचा काटा? तो सुमारे २७ अंशांच्या पुढे दाखवूच शकत नव्हता. तो तिथेच टेकून राहिला, आणि पाहणाऱ्यांना वाटलं सगळं ठीक आहे.

१३ एप्रिल १९७० रोजी, पृथ्वीपासून तीन लाख किलोमीटरहून दूर असताना, खालून नेहमीचीच सूचना आली, टाक्या ढवळा. पंखा चालू केला, ठिणगी पडली आणि टाकी फुटली. लव्हेल, स्वायगर्ट आणि हेज हे तिघं चांद्रावर उतरायच्या छोट्या यानात आसरा घेऊन, थंडीत कुडकुडत, पाणी घोटघोट पीत १७ एप्रिलला परत आले. तीन घरांतल्या बायकामुलांनी ते चार दिवस कसे काढले असतील, हे तुम्हीच मनात आणा.

काट्यावरून आठवलं. मी अर्धवेळ शिकवते त्या शाळेत हा विषय निघाला, तेव्हा सातवीतल्या एका मुलीने विचारलं, “बाई, तिथे सिलिंडर संपत आला हे कळतं कसं?” प्रश्न लाखमोलाचा! आपण सिलिंडर उचलून बघतो, हलवून बघतो, कुणी ओलं फडकं फिरवून बघतं. तिथे वजनच नाही, तर उचलून काय कळणार? आणि द्रवाला पातळी नाही, मग काडी घालून मोजणार कुठे? यावर नासाने एक युक्ती काढली आहे. टाकीत रेडिओलहरी सोडायच्या. आत द्रव किती आहे, त्याप्रमाणे टाकी निरनिराळ्या सुरांना साद देते. जलतरंगाच्या वाट्या आठवा, पाण्याप्रमाणे सूर बदलतो, तसंच काहीसं. हे मोजमाप २०२४ च्या फेब्रुवारीत चंद्रावर उतरलेल्या ‘इंट्युइटिव्ह मशीन्स’ या अमेरिकन कंपनीच्या यानातही होतं.

आता वाया जाणाऱ्या वाफेचं. एक उपाय आपल्या माठाचाच आहे. माठ स्वतःतलं थोडं पाणी हवेला देतो आणि बाकीचं गार ठेवतो. तसंच टाकीतला थोडासा द्रव बारीक झडपेतून सोडला की तो पसरताना आणखी थंड होतो. त्याला नळीतून टाकीभोवती फिरवायचं, आतली ऊब त्याच्यावर लादायची आणि मग बाहेर सोडायचं. दुसरा उपाय फ्रीजचा. टाकीला थंड करणारं यंत्रच जोडायचं, म्हणजे काही सोडायलाच नको.

हा दुसरा उपाय नासाने आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या बाहेर करून पाहिला. डिसेंबर २०१८ मध्ये ४२ लिटर द्रव मिथेन वर पाठवला. हाही उणे १६१ अंशांच्या आसपास उकळणारा. चार महिने यंत्राने तो थंड ठेवला, उकळून काहीच वाया गेलं नाही. मग तो एका टाकीतून दुसरीत ओतायचा होता. पण २०१९ च्या एप्रिलमध्ये थंड करणारं यंत्र पुन्हा सुरूच होईना, आणि मिथेन सावकाश अवकाशात सोडून द्यावा लागला. ओतणं राहून गेलं. बातमी वाचणाऱ्याला वाटेल, फसलाच की प्रयोग. मला तसं वाटत नाही. उकळी न येऊ देता चार महिने सांभाळणं हेच तर अवघड काम होतं, आणि ते झालं होतं. जेवणाची पंगत रद्द झाली म्हणून कोठीघरातली मेहनत कुणी शून्य धरू नये.

आपल्या इस्रोनेही या थंड इंधनासाठी पुष्कळ वर्षं झुंज दिली. स्वदेशी क्रायोजेनिक इंजिनाचं पहिलं उड्डाण २०१० मध्ये अपयशी ठरलं, ५ जानेवारी २०१४ रोजी यश आलं आणि २०२३ मध्ये चांद्रयान ३ निघालं तेही अशाच टप्प्यावर. पण तिथे इंधन उड्डाणानंतर थोड्याच वेळात वापरून संपतं. गरम गरम पोळी तव्यावरून ताटात. शिळं ठेवायची वेळच येत नाही.

चंद्रावर माणसं न्यायची, मंगळाची गोष्ट करायची, तर मात्र शिदोरी बांधावीच लागणार. नासाने २०२१ मध्ये चंद्रावर माणसं उतरवण्यासाठी स्पेसएक्स कंपनीचं स्टारशिप निवडलं. त्याचा सगळा बेतच कक्षेत इंधन भरण्यावर उभा आहे. एका उड्डाणात सगळं नेता येत नाही, म्हणून मागाहून टँकर पाठवून, फेऱ्या करून टाकी भरायची. जशी आपण सार्वजनिक नळावरून घागरींनी पिंप भरत असू. फरक एवढाच, की इथे पहिल्या घागरीचं पाणी शेवटची घागर येईपर्यंत उकळून कमी होत असतं. जितका उशीर, तितक्या फेऱ्या जास्त.

आणि ओतणंही सरळ नाही. उबदार नळीत अतिथंड द्रव शिरला की तडतडून त्याची वाफ होते, म्हणून नळी आधी थंड करून घ्यावी लागते. चहा भरण्याआधी आपण थर्मासमध्ये पाच मिनिटं कढत पाणी ठेवतो ना, त्याचंच उलटं रूप. (तुम्ही ठेवत नसाल तर ठेवून पाहा. चहा बराच वेळ गरम राहतो.) पण थर्मासचं पाणी आपण मोरीत ओततो, तिथे नळी गार करण्यात खर्च होतं ते इंधनच. नळीच्या तोंडाशी नुसता द्रव यावा, बुडबुडा येऊ नये म्हणून टाकीत बारीक तारेची जाळी बसवण्याची एक रीत आहे. तांब्याच्या तोंडाला ओलं मलमल घट्ट बांधून तो उपडा केला की पाणी सांडत नाही, हा खेळ मुलांना दाखवला असेल तुम्ही. ओल्या जाळीची छिद्रं तशीच हवेला अडवतात आणि द्रवाला वाट देतात.

१४ मार्च २०२४ रोजी स्टारशिपच्या तिसऱ्या चाचणी-उड्डाणात त्याच यानातल्या एका टाकीतून दुसऱ्या टाकीत द्रव प्राणवायू नेण्याचा प्रयोग केला गेला. एका डब्यातून दुसऱ्या डब्यात, एकाच फळीवर. त्याच्या पुढची पायरी शेजारणीच्या डब्यात ओतण्याची. दोन यानं कक्षेत एकमेकांना धरून राहायची, हलका धक्का देत द्रव एका बाजूला बसवायचा, आणि दोघींचे डबे धावत असताना, थेंब न सांडता, हे भरायचं ते रिकामं करायचं.