आवाज नंतर, ब्रेक आधी

आपल्या बॉइज हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये ज्या जुन्या चारचाकी उभ्या असतात (घरी नवी आली म्हणून पोराकडे ढकललेल्या), त्यांच्यावर वर्षभरात झालेला खर्च कुणी लिहून काढला तर पहिल्या नंबरवर काय येईल? सायलेन्सर. दुसऱ्यावर स्टिकर आणि काळ्या काचा, तिसऱ्यावर अलॉय व्हील. स्प्रिंगा कापून खाली बसवलेली एक तरी असतेच, जी मेनगेटच्या स्पीडब्रेकरवरून तिरकी तिरकी काढावी लागते. आणि ब्रेक ऑइल? "ते बदलायचं असतं?" असा प्रश्न मला एकाने अगदी निरागसपणे विचारला. थर्ड इयर. मेकॅनिकल.

माझं म्हणणं सरळ आहे. गाडी जोरात चालवायची हौस असणं वाईट नाही, मलाही आहे. पण ती हौस ट्रॅकवर भागवावी, जुन्या आणि स्वस्त गाडीने भागवावी, आणि खिशातला पैसा आधी गाडी थांबवण्यावर खर्च करावा. हे एकेकट्याला जमणं कठीण आहे, म्हणून यात कॉलेजच्या वर्कशॉपने उतरायला हवं.

रात्री साडेअकरानंतर हायवेच्या सर्व्हिस रोडवर काय चालतं हे वॉचमनकाकांपासून रेक्टर सरांपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. आमच्याच विंगमधला एक जण अजून पायात रॉड घेऊन जिने चढतो. त्या रात्री समोरून आलेल्या मोपेडवाल्याचं काय झालं, हे कुणी मोठ्याने बोलत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा गुन्हा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळेला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. नोटीसबोर्डावर हे लावूनही झालं. त्याने कुणी थांबल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. नुसतं 'करू नका' म्हणून भागत नाही राव, 'मग कुठे करू' याचं उत्तर द्यावं लागतं.

उत्तर म्हणजे ट्रॅक डे. ट्रॅक डे म्हणजे रेस नव्हे. पैसे भरायचे, हेल्मेट घालायचं, पंधरा-वीस मिनिटांचं सेशन मिळतं. समोरून कुणी येत नाही, कुत्रं नाही, ट्रॅक्टर नाही. ओव्हरटेक कुठे करायचं ते ठरलेलं असतं, चूक झाली की झेंडा दाखवून आत बोलावतात. बक्षीस नाही, पहिला-दुसरा नाही. आपल्यापैकी ज्यांनी फॉर्म्युला भारत केलंय त्यांना कोइमतूरजवळचा कारी मोटर स्पीडवे माहीत आहे. २००३ साली झालेला, २.१ किलोमीटरचा ट्रॅक. मद्रासजवळ इरुंगट्टुकोट्टईला ३.७ किलोमीटरचा आहे, आणि दिल्लीजवळचा बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचा, जिथे २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वन झाली.

ज्यांच्या नावाने कारी ट्रॅक आहे ते एस. करीवर्धन १९९५ साली विमान अपघातात गेले. त्यांनी काय केलं होतं हे आपल्या पोरांना कळायला हवं. मारुती ८०० चं ७९६ सीसीचं इंजिन, तेच जे आपल्या मामा-काकांच्या गाडीत होतं, त्यांनी एका सीटच्या रेसिंग कारमध्ये बसवलं आणि १९८८ च्या सुमारास फॉर्म्युला मारुती उभी केली. नारायण कार्तिकेयन, २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये गेलेला पहिला भारतीय, त्याचीही सुरुवात याच फॉर्म्युला मारुतीतून झाली. म्हणजे हा खेळ आपल्याकडे वाढला तो स्वस्तातल्या, कुठेही मिळणाऱ्या पार्ट्सवर. 'हे श्रीमंतांच्या पोरांचे लाड' असं म्हणणाऱ्यांनी हे जरा लक्षात घ्यावं.

आता गाडी कुठली? माझं मत मारुती एस्टीम. १९९४ साली आली, २००७ च्या सुमारास बंद झाली. १२९८ सीसी, नंतरच्या एमपीएफआय मॉडेलला ८५ बीएचपी, आणि वजन नऊशे किलोच्या आत. रॅलीत आणि ट्रॅकवर ही गाडी वर्षानुवर्षं घासली गेलीय, त्यामुळे तिच्यात काय आधी मोडतं हे जुन्या मेस्त्रींना पाठ आहे. याच घराण्याचं इंजिन जिप्सी किंगमध्ये आणि २००५ च्या पहिल्या स्विफ्टमध्ये होतं, म्हणून पार्ट्ससाठी अजून फार वणवण होत नाही. चालती एस्टीम नव्या बुलेटच्या निम्म्याहून कमी पैशात मिळते. पण घेताना इंजिनापेक्षा पत्रा बघा. कार्पेट उचलून फ्लोअर बघा, बॉनेट उघडून शॉकॲब्सॉर्बर जिथे वर बोल्टने धरलेले असतात तिथला गंज बघा. इंजिन उतरवून बांधता येतं, सडलेली बॉडी नाही. कागदपत्रंही बघा. पंधरा वर्षांनंतरच्या नोंदणीची फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५००० रुपये झाली, आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांना २०२५ मध्ये ती आणखी वाढली. स्वस्त गाडीत हा खर्च धरला नाही तर हिशेब चुकतो.

घेतली गाडी. आता पहिलं काम. इथेच सगळे घसरतात.

उद्यमनगरात मी ज्या गॅरेजमध्ये सुट्टीत जाऊन बसतो (कॉन्व्हेंटमध्ये मी आयुष्यभर स्पॅनर म्हणत आलो, पाना म्हणायला इथे शिकलो), तिथल्या मेस्त्रींना एकदा एका गिऱ्हाइकाने विचारलं, "गाडी अजून पळंल असं काय करता येईल?" मेस्त्री मान वर न करता म्हणाले, "पळवायला कायबी पळतंय रं. थांबवून दाव की आधी."

हे वाक्य मी कॅल्क्युलेटरवर तपासलं. गाडी आणि ड्रायव्हर मिळून १००० किलो धरा. ताशी १२० वरून ६० वर आणायची. हाफ एम व्ही स्क्वेअर, अकरावीचं फिजिक्स. उत्तर येतं चार लाख ज्यूलहून थोडं जास्त. एवढ्या उष्णतेत खोलीच्या तापमानाचं सव्वा लिटर पाणी उकळतं. म्हणजे एका वळणाआधीच्या एका ब्रेकिंगमध्ये अख्ख्या रूमचा चहा! थोडा वाटा हवा आणि इंजिन ब्रेकिंग घेतं हे मान्य, पण उरलेलं सगळं त्या डिस्क, पॅड आणि ड्रममध्ये जातं, आणि पुढच्या वळणाला पुन्हा, पुढच्या लॅपला पुन्हा. रस्त्यावर दोन ब्रेकिंगच्या मध्ये गार व्हायला वेळ मिळतो. ट्रॅकवर नाही.

ही उष्णता पॅडमधून पिस्टनला आणि तिथून ब्रेक ऑइलला पोचते. ब्रेक ऑइलचा गुण असा की ते हवेतली वाफ ओढून घेतं. डॉट ३ ताजं असताना किमान २०५ अंशाला उकळतं, पाणी मुरलेलं असेल तर १४० ला. डॉट ४ ताजं २३०, मुरलेलं १५५. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात दोन-तीन वर्षं राहिलेल्या ऑइलची काय अवस्था असेल ते तुम्हीच सांगा. ते उकळलं की लाइनमध्ये बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वायू दाबला जातो. पेडल सरळ फ्लोअरला टेकतं आणि गाडी तशीच पुढे जाते. सायलेन्सर कितीही भारी असला तरी.

म्हणून पहिलं काम: जुनं ब्रेक ऑइल पूर्ण काढून ताजं डॉट ४ भरणं. दोन पिझ्झ्यांच्या पैशात होतं. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल उघडून बंद करायचा, चारही चाकांना, बुडबुडे थांबेपर्यंत. बाहेर येणाऱ्या ऑइलचा रंग मेसच्या चहासारखा असेल तर समजा की वेळेवर आलात. (रंगावर सांडू नका, पेंट सोलून निघतो.) त्याच दिवशी पुढचे पॅड नवे, मागच्या ड्रम उघडून लायनर आणि सिलिंडरची गळती बघणं, आणि फुगलेले-चिरलेले रबरी होज बदलणं. सेशन संपलं की शेवटचा लॅप ब्रेक न वापरता हळू मारायचा आणि पार्क केल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही. गरम ड्रमवर लायनर दाबून ठेवायचे नसतात. गिअरमध्ये टाका, चाकाखाली दगड लावा.

टायर. नवे महाग घ्यायला सांगत नाही, पण वय बघा. साइडवॉलवर चार आकडी कोड असतो, २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी शिल्लक असली तरी दहा वर्षांचं रबर दगड झालेलं असतं. हवा गरम झाली की प्रेशर चार-सहा पीएसआयने सहज वाढतं, म्हणून सेशननंतर गरम असतानाच मोजून कमी करायचं. किती कमी? त्यासाठी वर्गातला खडू पुरतो. टायरच्या कडेला, नक्षी संपून साइडवॉल सुरू होते तिथे, खडूच्या आडव्या रेघा मारा आणि तीन लॅप मारून या. रेघ कुठपर्यंत पुसली गेली त्यावरून टायर वळणात किती दुमडतो ते कळतं. साइडवॉलवर खूप आतपर्यंत पुसली असेल तर हवा कमी आहे, कडेपर्यंतही पुसली नसेल तर जास्त.

बाकीचं भराभर सांगतो. टायमिंग बेल्ट कधी बदलला ते माहीत नसेल तर बदला. कूलंट नवं, रेडिएटरचा फॅन वेळेवर सुरू होतो ना ते बघा. इंजिन ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेला ठेवा, कारण लांब वळणात ऑइल संपच्या एका बाजूला चढतं आणि पंप हवा ओढतो, बेअरिंग गेलंच समजा. लोअर आर्मचे बुश जुने असतील तर ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते. चाकांचे नट टॉर्क रेंचने, प्रत्येक सेशननंतर पुन्हा. बॅटरी घट्ट. डिकीतला जॅक, स्टेपनी, पाण्याच्या बाटल्या पॅडॉकमध्येच काढून ठेवा.

एक विषय मात्र भरभर सोडणार नाही. घरगुती रोल केज. कुणीतरी वेल्डिंगवाल्याकडून पाइप वाकवून आणतो आणि फोटो काढतो. ज्या पाइपचा ग्रेड माहीत नाही, जोड तपासलेला नाही, तो डोक्यापासून चार इंचावर असण्यापेक्षा नसलेला बरा. तसंच कंपनीच्या सीटवर चार पट्ट्यांचा हार्नेस बांधू नका, धडक बसली तर कमरेचा पट्टा पोटावर सरकतो आणि माणूस खालून निसटतो. कंपनीची सीट, कंपनीचा थ्री-पॉइंट बेल्ट, चांगलं हेल्मेट आणि हिमतीच्या आतला वेग. एस्टीमला एअरबॅग नाही, पत्रा पातळ आहे. ही गाडी आपटण्यासाठी नाहीच. आणि आपल्या नेहमीच्या मोटार पॉलिसीत शर्यत आणि स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं, तेव्हा तिथे गाडी गेली तर ती गेलीच. जी गाडी तिथे सोडून ट्रेनने परत येण्याची तयारी आहे तीच न्यावी. स्वस्त गाडीच का, याचं हे खरं कारण.

आमचे टीमवाले मित्र म्हणतील, बाहा आणि फॉर्म्युला आहेच की, आणखी हे कशाला? त्या टीमबद्दल मला आदर आहे. पण ती गाडी दरवर्षी नवी बनते, चार दिवस चालते आणि ताडपत्रीखाली जाते. तिथे बनवायला शिकतो, टिकवायला नाही. जुन्या गाडीत आधीच्या मालकाने केलेली पापं असतात: एक बोल्ट दुसऱ्याच साइजचा, वायरिंगला सेलोटेप, चुकीचं गॅस्केट. ते शोधायचं, लिहून ठेवायचं, दुरुस्त करायचं, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. टीममध्ये पंचवीस जणांना जागा मिळते, उरलेले बॅनर धरतात. आणि आपल्या लॅबमधलं ब्रेकचं कट-सेक्शन मॉडेल? लाल-निळा रंग दिलेलं, काचेत. ओरलला त्याच्याकडे बोट दाखवायचं आणि जर्नलला जीटी मारायची. दहा वर्षांत त्याच्या निपलला कुणी पाना लावलेला नाही.

एक आक्षेप स्टाफरूममधून येणार आणि तो खरा आहे: पोरांना वेगाची चटक लावून तुम्ही रस्त्यावर सोडणार. याची खात्री मी देऊ शकत नाही. पण गाडीची चावी वर्कशॉपच्या कपाटात असेल, गाडी कोइमतूरला जाईल ती सरांच्या सहीने आणि वर्षातून एकदा, आणि ज्याच्या हातचं लॉगबुक भरलेलं नाही तो सीटवर बसणार नाही, एवढे नियम घालता येतात. सध्या सर्व्हिस रोडवर एकही नियम नाही.

तेव्हा मागणी अशी. वर्कशॉपमागच्या शेडमध्ये, लेथचा भंगार पडलाय तिथे, एका गाडीची जागा होते. भंगार आम्ही उचलतो. एस्टीम आम्ही वर्गणीतून आणतो, आतापर्यंत सतरा जणांनी नावं दिलीत, त्यात दोघी गर्ल्स हॉस्टेलच्या आणि एक इलेक्ट्रॉनिक्सचा. कॉलेजकडून फक्त संध्याकाळी साडेपाच ते साडेसात वर्कशॉप उघडं, एक टॉर्क रेंच, आणि देखरेखीला वर्कशॉपमधलं एक जण हवं. अर्ज एच.ओ.डी. सरांच्या टेबलावर सबमिशनच्या गठ्ठ्याखाली आहे. सर, निळी फाइल.