तोंडओळख

आमचे चिरंजीव सध्या एका कॉलेजसाठी मोबाइलमधलं ओळखपत्र तयार करताहेत. २०१८ साली अमेरिकेत ड्यूक, अलाबामा आणि ओक्लाहोमा विद्यापीठांनी ते आयफोनवर आणलं. फोन नुसता जवळ धरायचा, की वसतिगृहाचं दार उघडतं, जेवणाचे पैसेही चुकते होतात!

मी आपलं विचारलं, "बॅटरी संपली तर?"

"काही फोन त्यानंतरही पाच तासांपर्यंत ओळख देतात, बाबा."

"आणि फोनच नसलेली मुलगी परीक्षेच्या दारात काय दाखवणार? माझं कार्ड घरी राहिलं होतं, तेव्हा शिपायानं तोंड ओळखून आत सोडलं. म्हणून मी पदवीधर!"

चिरंजीव गप्प. सकाळी पाहतो तो आराखड्यात एक ओळ वाढलेली: 'फोन नसल्यास पुठ्ठ्याचं कार्ड, तेही नसल्यास शिपायास विचारावे.'