कापताना यंत्र, परत देताना अर्ज

परदेशात काही वर्षे राबून परतलेल्या कामगाराच्या पगारातून हक्कापेक्षा जास्त जे कापले गेले, ते त्याला परत मिळाले पाहिजे की नाही? प्रश्न इतका सरळ आहे की त्यावर वाद कसला, असे कोणालाही वाटावे. परंतु बदलापूर गावात आमच्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत हा विषय निघाला, तेव्हा एका जुन्या साथींनी तो उडवूनच लावला. ‘अमेरिकेत डॉलर मोजणाऱ्या पोरांची वकिली आपण कशासाठी करायची? इथे औद्योगिक वसाहतीतल्या कंत्राटी कामगाराला भविष्यनिर्वाह निधी मिळत नाही, त्याचे आधी पाहा,’ असे ते म्हणाले. बैठकीतल्या बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. या साथींविषयी माझ्या मनात आदर आहे. परंतु त्यांचे म्हणणे चुकीचे आहे, आणि ज्या कंत्राटी कामगाराचे नाव त्यांनी घेतले त्याच्याच दृष्टीने ते चुकीचे आहे, हे दाखविण्यासाठी हा लेख लिहिला आहे.

जे कापले जाते आणि जे मागावे लागते

पहाटेच्या लोकलने मुंबई गाठणाऱ्या कारकुनांची आणि गिरणी-कारखान्यांतल्या कामगारांची मुले आज संगणक कंपन्यांतर्फे न्यू जर्सीला आणि टेक्सासला जातात, लेकी परिचारिका म्हणून ब्रिटनला जातात, फिटर-वेल्डर आखातात जातात. आखातात पगारावर आयकर नाही. तेथील लुटीची तऱ्हा वेगळी असते. पासपोर्ट मालकाच्या कपाटात आणि पगार महिनोन्‌महिने थकलेला! त्याविषयी स्वतंत्रपणे लिहावे लागेल. येथे विचार करावयाचा आहे तो पगारातून कर आणि वर्गणी कापून घेणाऱ्या देशांचा.

अमेरिकेचा ‘एच-वन-बी’ परवाना घेऊन जाणारा तरुण बहुधा ऑक्टोबरात कामाला लागतो. पहिल्या पगारापासून त्याचा आयकर कापला जातो, आणि तो कापताना हाच पगार त्याला बारा महिने मिळणार आहे असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात त्या करवर्षात त्याची कमाई तीनच महिन्यांची असते. कमाई कमी म्हणजे कराचा दरही कमी, अर्थात कापलेल्या रकमेतला काही भाग त्याला परत मिळावयास हवा. मार्चमध्ये नोकरी सुटून घरी परतणाऱ्याचेही तसेच होते. हे पैसे आपोआप परत येत नाहीत. त्यासाठी ‘१०४०-एनआर’ या नमुन्यात विवरणपत्र भरावे लागते आणि परताव्याचा हक्क साधारणपणे तीन वर्षांत सांगावा लागतो. न सांगितल्यास तो संपला. परतावा थेट जमा व्हावयाचा तर खाते अमेरिकेतल्या बँकेत लागते, आणि परत येणारा माणूस निघण्यापूर्वी पहिली गोष्ट करतो ती खाते बंद करण्याची! पूर्वी निदान कागदी चेक येण्याची सोय होती. २०२५ पासून तेथील सरकारने तेही बंद करण्याचे धोरण स्वीकारले आहे.

ब्रिटनमध्ये वर्षाच्या मध्येच देश सोडणाऱ्याला ‘पी-८५’ हा नमुना भरून परतावा मागावा लागतो. तेथे मुदत चार वर्षांची आहे. जर्मनीतही स्वेच्छेने विवरणपत्र भरून परतावा मागण्याची मुदत चार वर्षेच आहे. देश निराळे, नमुने निराळे, परंतु तत्त्व सगळीकडे एकच. कापण्याचे काम यंत्र करते, त्यास कोणाचा अर्ज लागत नाही. परत देण्याचे काम मात्र अर्जाशिवाय होत नाही, आणि तो अर्ज परक्या भाषेत, परक्या मुदतीत, परका देश सोडून आलेल्या माणसाने करावयाचा असतो.

आमच्या एका कार्यकर्त्याचा पुतण्या शिक्षण संपवून विद्यार्थी परवान्यावरच तेथे वर्षभर नोकरी करीत होता. अशा विद्यार्थ्यांना पहिली पाच वर्षे सामाजिक सुरक्षेची वर्गणी माफ असते. त्याच्या मालकाने ती दर पगाराला कापली. परत येऊन दोन वर्षे झाल्यावर त्याला हे कळले, तेही एका मित्राकडून. चुकीने कापलेली ही रक्कम प्रथम मालकाकडे आणि त्याने दाद न दिल्यास ‘८४३’ क्रमांकाच्या नमुन्यात कर खात्याकडे मागता येते. परंतु जो हक्क ठाऊकच नाही, तो कोण मागणार?

जे मागूनही मिळत नाही

आयकराचा परतावा निदान अर्ज केल्यावर मिळतो. सामाजिक सुरक्षेच्या वर्गणीचे तसे नाही. अमेरिकेत कामगाराच्या पगारातून ६.२ टक्के निवृत्तिवेतनासाठी आणि १.४५ टक्के वृद्धांच्या आरोग्यविम्यासाठी कापले जातात. मालकही तेवढेच भरतो. निवृत्तिवेतनाचा हक्क मिळण्यास ४० तिमाहींची, म्हणजे दहा वर्षांची वर्गणी लागते. ‘एच-वन-बी’ परवान्याची कमाल मुदत मात्र, ग्रीन कार्डाच्या रांगेत नंबर लागला नाही तर, सहा वर्षांची आहे! सहा वर्षांत होतात २४ तिमाही. दहा वर्षांच्या अटीवर वर्गणी घ्यावयाची आणि सहा वर्षांनी घरी पाठवावयाचे, यास विमा म्हणतात काय?

हिशेब मांडून पाहू. वार्षिक पगार ८०,००० डॉलर धरला तर कामगाराच्या खिशातून वर्षाला ६,१२० डॉलर जातात. सहा वर्षांत ३६,७२० डॉलर झाले. मालकाचा वाटा मिळवला तर ७३,४४०. यांतील एक डॉलरही परत मिळत नाही. अर्ज केला तरी नाही, कारण कायद्याच्या भाषेत ही वर्गणी ‘बरोबर’ कापलेली आहे. परदेशी तरुणाच्या घामातून अमेरिकेतल्या म्हाताऱ्यांचे निवृत्तिवेतन भरले जाते. त्या म्हाताऱ्यांशी आपले भांडण नाही. तेही कामगारच होते. भांडण आहे ते घेताना कामगार आणि देताना परका मानणाऱ्या व्यवस्थेशी.

यावर उपाय अज्ञात नाही. दोन देशांनी सामाजिक सुरक्षेचा करार केला की दोन्हीकडच्या वर्गणीची वर्षे एकत्र धरता येतात, किंवा एकाच देशात वर्गणी भरून भागते. भारताने असा पहिला करार २००६ साली बेल्जियमशी केला आणि तो २००९ पासून अमलात आला. जर्मनीशी झालेला सर्वंकष करार २०१७ पासून लागू आहे. अमेरिकेशी मात्र वर्षानुवर्षे बोलणी होऊनही करार झालेला नाही.

दोन कामगार, एकच दोरी

तो का झालेला नाही? माझ्या जुन्या साथींनी येथे लक्ष द्यावे. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे असा करार ज्या देशात सर्वसाधारण जनतेला लागू असलेली निवृत्तिवेतनाची व्यवस्था आहे, त्याच देशाशी करता येतो. भारतातली व्यवस्था तशी नाही, ही हरकत अमेरिकेकडून पुढे करण्यात येत आली आहे. हरकत स्वार्थी असेल. परंतु ती खोटी आहे असे आपण कोणत्या तोंडाने म्हणणार? आपला भविष्यनिर्वाह निधी सर्वसाधारणपणे वीस किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होतो. ठेकेदार एकोणीस माणसे एका नावावर आणि एकोणीस दुसऱ्या नावावर दाखवितो, हे अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत कोणत्याही फाटकावर उभे राहून विचारावे. देशातल्या कामगारांपैकी फार मोठा वर्ग असंघटित आहे, आणि त्याला म्हातारपणाची हमी नाही.

म्हणजे बदलापुरातल्या कंत्राटी कामगाराला निधी नाकारला जातो, म्हणूनच न्यू जर्सीतल्या बदलापूरकराची वर्गणी बुडते. एकाच दोरीची ही दोन टोके आहेत. त्यांतले एक टोक ‘आपले’ आणि दुसरे ‘मध्यमवर्गीय’ असे म्हणून सोडून देणारा कार्यकर्ता आपल्याच लढ्याचे अर्धे बळ सोडून देतो.

आणखी एक गोष्ट. हा प्रश्न आपण सोडला म्हणून तो बेवारस राहिलेला नाही. तो उद्योगपतींच्या संघटनांनी उचलला आहे. त्यांना चिंता आहे ती मालकाच्या वाट्याची. ब्रिटनबरोबर २०२५ साली व्यापारकरार झाला, तेव्हा दुहेरी वर्गणी टाळण्याचेही ठरले. त्याचा लाभ मुख्यतः कंपनीने तात्पुरते पाठविलेल्या नोकरांना, आणि म्हणून कंपनीला. स्वतःच्या बळावर ब्रिटिश इस्पितळात नोकरी मिळविणाऱ्या परिचारिकेला त्यात काय मिळाले, हे विचारणारा त्या टेबलावर कोणी नव्हता.

आपले सरकार काय करते?

परदेशी सरकारांना बोल लावताना आपले घर झाकून चालणार नाही. भारतात काम करणाऱ्या परदेशी कामगारांना सरकारने २००८ साली भविष्यनिर्वाह निधीत सक्तीने आणले आणि पुढे, जेथे करार नाही तेथील कामगारांना, ५८ वर्षे वयापर्यंत पैसे काढता येणार नाहीत अशी अट घातली. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये हे नियम घटनाबाह्य ठरविले, तर दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ते वैध मानले. न्यायालये काहीही म्हणोत, अमेरिकेने आपल्या मुलांशी जे करू नये असे आपण म्हणतो, तेच आपण दुसऱ्यांच्या मुलांशी करतो.

घरातल्या करदात्याचीही तीच कथा आहे. १९६१ च्या आयकर कायद्यात सरकारला कर देण्यास उशीर केला तर नागरिकावर महिना एक टक्का व्याज होते. सरकारने परतावा देण्यास उशीर केला तर व्याज महिना अर्धा टक्का! फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या नव्या आयकर विधेयकात तर विवरणपत्र मुदतीत भरले नाही तर परतावाच नाही, असे कलम घालण्यात आले होते. प्रवर समितीने हरकत घेतल्यावर ते गळले. परंतु ते लिहिणाऱ्या हाताला जास्तीचा कापलेला पैसा सरकारचाच वाटत होता, हे विसरता कामा नये.

बदलापूरकरांना हे नवे नाही. औद्योगिक वसाहतींना पाणी देणाऱ्या बारवी धरणासाठी येथल्या शेतकऱ्यांची आणि आदिवासींची जमीन पाण्याखाली गेली. धरणाची उंची वाढली तेव्हा आणखी घरे गेली. घेताना नोटीस पुरली. बदल्यात नोकरी मिळविण्यासाठी मात्र वर्षानुवर्षे मोर्चे काढावे लागले. पगारपत्रकावर जे घडते, ते याच नियमाने घडते.

करावयाचे काय?

पहिली मागणी केंद्र सरकारकडे. अमेरिकेशी व्यापाराची बोलणी होतील तेव्हा सामाजिक सुरक्षेचा करार हा कामगारांचा प्रश्न म्हणून मांडला जावा, आणि करार होईपर्यंत दहा वर्षे पूर्ण न करता परतणाऱ्याला निदान त्याचा स्वतःचा वाटा परत मिळावा.

दुसरी मागणी राज्य सरकारकडे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगार पाठविण्याचा करार केला. जाणाऱ्या प्रत्येकाला भाषेबरोबर पगारपत्रक वाचावयास शिकवावे, आणि परतल्यावर करपरतावा व निवृत्तिवेतनाचे अर्ज भरून देणारा विनामूल्य कक्ष जिल्ह्याच्या ठिकाणी असावा. माणसे पाठविण्याची हौस असणाऱ्या सरकारवर त्यांचा पैसा परत आणण्याचीही जबाबदारी आहे.

तिसरी मागणी सर्वांत जुनी. वीस कामगारांची मर्यादा रद्द करून प्रत्येक कामगाराला, मग तो ठेकेदाराकडे असो की घरकामावर, निवृत्तिवेतनाचा हक्क द्यावा. ही एक मागणी मान्य झाली तर अमेरिकेच्या हातची सबबही गळून पडेल.

चौथे काम मागणीचे नाही, आपले स्वतःचे आहे. रेशनकार्डाचे, निराधार योजनेचे अर्ज भरून देत देत आपल्या शाखा वाढल्या. त्याच टेबलावर आठवड्यातून एक संध्याकाळ परदेशातून परतलेल्यांसाठी ठेवता येईल. अमेरिकेतले ‘डब्ल्यू-२’, ब्रिटनमधले ‘पी-४५’ हे कागद जपून ठेवा, खाते बंद करण्याची घाई करू नका, मुदती वहीत लिहून ठेवा, एवढे सांगितले तरी कित्येकांचे पैसे वाचतील. आणि ज्या तरुणाचा परतावा आपल्या कार्यालयात बसून भरलेल्या अर्जामुळे आला, त्याला शेजारच्या खुर्चीवर बसलेला कंत्राटी कामगार कोण आहे, हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

पुढच्या बैठकीत हे टेबल मांडण्याचा ठराव मी आणणार आहे. त्यास अनुमोदन त्याच जुन्या साथींनी द्यावे, अशी माझी त्यांना विनंती आहे.