गोष्ट सांगावी कशी?

आपल्या नित्याच्या आयुष्यांतील हकीकत रंजक करावयाची असेल, तर प्रारंभींच धक्का द्यावा, पाठीमागें संगीत लावावें आणि सर्व कांहीं एका मिनिटांत आटपावें, असा उपदेश हल्लीं मोबाइलवर फुकट मिळतो. तो आम्हांस साफ अमान्य आहे. त्यानें ऐकणाऱ्याचें लक्ष क्षणभर वेधेल, पण सांगणाऱ्याचा आवाज हरवेल. कारण एकच सांचा सर्वांच्या हातीं पडला कीं प्रत्येकाचा प्रवास, बारसें आणि दुःखहि एकसारखें दिसूं लागतें.

याला उत्तर नाशिककरांच्या घरांतच आहे. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म येथून जवळच्या जलालपूरचा, १८६८ सालचा. शाळेचें शिक्षण नाहीं. तरी १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेलीं त्यांचीं ‘स्मृतिचित्रें’ आजहि हातची सुटत नाहींत. कां? वडिलांचें कडकडीत सोंवळें, पतीचें धर्मांतर, असल्या जिव्हारीं लागणाऱ्या प्रसंगांचें त्या भांडवल करीत नाहींत; नेमकी वस्तु, नेमकें बोलणें सांगतात आणि वेळीं स्वतःलाहि हंसतात.

‘आजच्या वाचकास तेवढी सवड नाहीं’ असा आक्षेप येईल. परंतु त्यांतील कित्येक प्रसंग दोन-चार मिनिटांत वाचून होतात! सवडीची सबब खोटी आहे. उणीव आहे ती निरीक्षणाची व निर्भीडपणाची. मोबाइल जरूर वापरावा; पण तो आजीसमोर ठेवून तिचें बोलणें टिपण्यासाठीं. तिच्याबरोबर जें जाईल, तें कोणतेंहि संगीत परत आणणार नाहीं.